जुन्या बेंच व्हाइसचा बॉक्स नट उद्यमनगरातून करून घेताना

बेंच व्हाइसचं, म्हणजे बाकावर बसवलेल्या पकडीचं, हँडल फिरतंय पण जबडा जागचा हलत नाही, किंवा आवळता आवळता शेवटच्या पाव फेऱ्याला 'कट' असा आवाज येऊन सगळं सैल पडतं. दोन्हींचं दुखणं एकच. बॉक्स नटाचे, म्हणजे बॉडीत बसवलेल्या आणि ज्यात स्क्रू फिरतो त्या नटाचे, आटे संपलेत. बॉडी ठणठणीत, जबडा ठणठणीत, आणि आत लपलेल्या अडीच इंच लांबीच्या नटापायी वीस किलोचा व्हाइस भंगाराच्या वजनकाट्यावर जातो. हार्डवेअरच्या दुकानात सुटा नट सहसा मिळत नाही. मिळाला तरी बसेलच असं नाही, कारण प्रत्येक बनावटीत नटाची बैठक, मध्याची उंची आणि आट्यांचं माप वेगळं असतं. त्यामुळे नट करूनच घ्यावा लागतो.

कोल्हापुरात हे काम करणाऱ्यांची वाण नाही. ऑइल इंजिनं, उसाचे चरक, पंप यांच्या सुट्या भागांवर इथल्या टर्नरांच्या (लेथवर काम करणाऱ्यांच्या) पिढ्या तयार झाल्या. शिवाजी उद्यमनगर आणि वाय. पी. पोवार नगर इथं एकाच भागात लेथ (वस्तू फिरवत कातणारं यंत्र), शेपर आणि मिलिंग (सपाट बाजू कापणारी यंत्रं), हार्डनिंग (पोलाद कडक करणं) आणि धातूविक्री असं सगळं सापडतं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या वसाहतींत फाउंड्र्या आहेत, पण एका नगाचं काम घेऊन तिकडं जाण्यात फारसा अर्थ नाही. तिथं उत्पादनाची कामं चालतात. हा आढावा कुण्या एका दुकानाचा नाही, उद्यमनगरातल्या एकनगी जॉबवर्कचा आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. हाताच्या कसबाला पैकीच्या पैकी, वेळेच्या शब्दाला निम्मे, आणि काम हातात घेण्याआधी गिऱ्हाइकाला दोन प्रश्न विचारण्याच्या सवयीला त्याहूनही कमी.

"सँपल ठेवून जावा, तस्संच करून देतो." बहुतेक ठिकाणी हेच ऐकू येतं, आणि लोक फसतात ते इथंच. झिजलेला नट सँपल म्हणून ठेवला तर त्याच्यासारखाच, म्हणजे झिजलेल्या मापाचा, नट तयार होतो. टर्नरचा दोष नसतो, त्यानं सांगितलं तेच केलेलं असतं. म्हणून नट एकटा नेऊ नका. स्क्रू न्या, पुढचा सरकता जबडा न्या, आणि उचलवत असेल तर बॉडीसुद्धा न्या. नट हा स्क्रू आणि बॉडी यांच्यातला दुवा आहे. दोन्हींची मापं समोर असल्याशिवाय तो नीट होत नाही.

स्क्रूचं माप घेतानाही जागा बघून घ्यावं. जबडे मिटलेले असतात तेव्हा नट स्क्रूच्या हँडलकडच्या टोकावर असतो, आणि व्हाइसमधली बहुतेक कामं इंच-दोन इंचांच्या आतली. साहजिकच हँडलकडचे आटे झिजतात आणि शेपटीकडचे जवळजवळ कोरे राहतात. मापं शेपटीकडून घ्यायची. स्क्रू कितपत गेलाय हे बघायला जुना नट दोन्हीकडं फिरवून पुढंमागं हलवावा. दोन्ही टोकांना सारखाच खेळ असेल तर नट गेलाय. शेपटीकडं घट्ट आणि हँडलकडं ढिला असेल तर स्क्रूही गेलाय. नवा नट नेहमी कोऱ्या आट्यांना धरून करायचा. झिजलेल्या भागाला बेतून केला तर व्हाइस पुरता उघडताना शेपटीकडं अडकणार. हँडलकडं थोडा खेळ राहिला म्हणून काही बिघडत नाही. व्हाइसमध्ये खेळ म्हणजे फक्त उलटं फिरवताना वाया जाणारा पाव फेरा. प्रश्न उरलेल्या आट्याच्या जाडीचा आहे. स्क्रूच्या आट्याची जाडी मूळच्या निम्म्यावर आली असेल तर नुसता नट करण्यात पैसे घालू नयेत, जोडीच करावी.

जुन्या इंग्लिश आणि त्यांच्यावर बेतलेल्या बऱ्याच देशी व्हाइसचे आटे चौरस आणि इंची मापाचे असतात. चार इंची व्हाइसवर एक इंचाचा स्क्रू आणि इंचात चार आटे हे माप पुष्कळदा भेटतं, पण गृहीत धरू नका, मोजा. दहा आट्यांचं अंतर घ्यावं. ६३.५ मिमी भरलं तर इंचात चार, ६० भरलं तर ६ मिमी पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्यापर्यंतचं अंतर. एकाच आट्यावर व्हर्निअर लावून हा फरक ओळखू पाहणं म्हणजे स्वतःची फसगत करून घेणं. इंचात चार आट्यांच्या चौरस थ्रेडमध्ये खाच पिचच्या निम्मी, म्हणजे ३.१७५ मिमी रुंद आणि तेवढीच खोल. जुन्या मिस्त्रींच्या भाषेत बरोबर एक सूत. टूल घासताना ते आजही सुतातच बोलतात, आणि इथं ते बरोबरही आहे.

या मापाच्या नटासाठी टर्नरला द्यायचे आकडे असे. स्क्रूचा तळव्यास, म्हणजे खाचेच्या तळाशी व्यास, १९.०५ मिमी निघतो, तर नटाचा बोअर, म्हणजे आतलं भोक, १९.३ ठेवावा. नटातल्या आट्याचा बाहेरचा व्यास २५.७, खाचेची रुंदी ३.२५, लांबी व्यासाच्या सव्वादोन पट म्हणजे ५५ ते ५८ मिमी. त्यात साडेआठ-नऊ आटे बसतात आणि भार पेलायला ते पुरेसे आहेत. कागदावर लिहून द्या. तोंडी सांगितलेलं माप चहा येईपर्यंत टिकत नाही.

आता लेथचा मुद्दा. हा बहुतेक गिऱ्हाइकांना ठाऊक नसतो आणि सगळ्यात जास्त नट इथंच वाया जातात. ज्या लेथचा लीडस्क्रू (टूल पुढं सरकवणारा लांब स्क्रू) इंची आहे, म्हणजे इंचात चार आट्यांचा, त्यावर हे काम लोण्यासारखं होतं. पिच तीच असल्यानं हाफनट (लीडस्क्रूला धरणारा अर्धा नट) कुठंही सोडून कुठंही धरला तरी टूल त्याच खाचेत येतं. उद्यमनगरात असले जुने पट्ट्याचे, वजनदार लेथ अजून चालतात. दिसायला मळकट असतात म्हणून तोंड फिरवू नका, या कामाला तेच हवेत. मेट्रिक लीडस्क्रूच्या लेथवर इंची पिच अचूक काढायला १२७ दात्यांचं गिअर लागतं. ते नसेल तर काही जण जवळपासची गिअर जुळवून ६.३५ ऐवजी ६.३० वर भागवतात. फरक एका आट्याला फक्त ०.०५, पण आठ आट्यांत तो ०.४ मिमी होतो. मग नट स्क्रूवर तीन-चार आटे जातो आणि बसतो. तिथून पुढं जे होतं ते वाईट. नट जावा म्हणून खाच रुंद केली जाते. नट आता हातानं भिंगरीसारखा फिरतो, गिऱ्हाईक खूश होतं, आणि प्रत्यक्षात भार मात्र कडेच्या एक-दोन आट्यांवरच. सहा महिन्यांत पुन्हा 'कट'. म्हणून काम देताना पहिला प्रश्न हाच: "लीडस्क्रू इंची आहे का? नसेल तर १२७चं गिअर आहे का?" उत्तर देताना माणूस अडखळला तर पुढच्या दुकानात जा. आणि १२७चं गिअर लावून काम होत असेल तर शेवटच्या कटापर्यंत हाफनट सोडायचा नाही, लेथ उलटा फिरवूनच टूल मागं आणायचं.

दुसरं, टूलचा कोन. एक इंची स्क्रूवर चार आटे म्हणजे आट्याचा तिरकेपणा मध्यव्यासावर सव्वापाच अंश आणि तळाशी सहाच्या आसपास. चौरस टूलची पुढची बाजू या तिरकेपणापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त सोडावी लागते. सरळ घासलेलं टूल खाचेच्या भिंतीला घासतं, भिंत फाटल्यासारखी खरबरीत होते आणि आटा वर रुंद, खाली अरुंद येतो. नटाच्या आतलं काम असल्यानं बोअरिंग बार १२ मिमीपेक्षा जाड घेता येत नाही आणि तो साठ-सत्तर मिमी बाहेर काढावा लागतो. साहजिकच थरथरतो. वेग तीस-चाळीस आरपीएम, कट ०.०५चा, म्हणजे साठ-सत्तर फेऱ्या. अर्ध्या तासात करून देतो म्हणणाऱ्यानं एक तर हे काम केलेलं नसतं, नाही तर त्याच्याकडं चौरस आट्यांचा टॅप (भोकात आटे पाडणारं हत्यार) असतो. टॅप असेल तर उत्तमच, पण त्याचं माप आपल्या स्क्रूशी जुळतंय का हे आधी बघा. "ॲक्मी पाडून देऊ का, तेवढंच मजबूत हाय" असंही सुचवलं जातं. मजबुतीचं खरं आहे. पण तिरक्या बाजूंच्या, २९ अंशांच्या आट्यांचा ॲक्मी नट जुन्या चौरस स्क्रूवर बसणार नाही. नवा स्क्रूही करत असाल तरच ॲक्मीला हो म्हणा, आणि तेव्हा जरूर म्हणा, कारण तो पाडायला सोपा आणि बुंध्याला जाड असतो.

धातूची निवड. स्क्रू पोलादाचा आहे, तर नट पोलादाचा नको. सारखाच धातू एकमेकांवर दाबाखाली घासला की चिकटतो, ओरखडे पडतात आणि स्क्रूही हातचा जातो. इएन-८चा (मध्यम कार्बनच्या पोलादाचा) नट हमखास सुचवला जातो, कारण तो तुकडा दुकानात पडलेला असतो. त्याला नाही म्हणावं. गनमेटल सगळ्यात निर्धोक. ८५-५-५-५ म्हणजे तांबं ८५ टक्के, कथील, शिसं आणि जस्त प्रत्येकी ५. झीज नट सोसतो आणि स्क्रू वाचतो. मात्र गनमेटलच्या नावावर पितळ गळ्यात पडू शकतं. ताजा कट बघा: गनमेटल लालसर दिसतं, पितळ पिवळं. ६० बाय ५० बाय ५० मिमीचा ठोकळा सव्वा किलोच्या थोडा वर भरतो, तेव्हा धातूचा भाव आधी विचारावा आणि बुरा (कापताना पडणारा चुरा) कुणाचा हेही ठरवून घ्यावं. लेथखाली गोळा होणारा गनमेटलचा बुरा फुकटचा नसतो.

बिडाचा (कास्ट आयर्नचा) नट स्वस्त पडतो आणि मूळ नट पुष्कळदा बिडाचाच असतो. एफजी २६० ग्रेडचा कास्ट बार मिळाला तर तो निःशंक चालतो, ग्रॅफाइटमुळे त्याला स्वतःचंच वंगण असतं. फक्त बिडाला धक्का सोसत नाही. हँडलवर हातोडा मारण्याची सवय असलेल्या वर्कशॉपला एसजी आयर्न (चिवट बीड) बरं. कोल्हापूर फाउंड्र्यांचं गाव, त्यामुळे "रायझरचा तुकडा आणून देतो, त्यातनं काढू" असा सल्लाही मिळतो. घेऊ नका. रायझर, म्हणजे ओतकामात जास्तीचा रस राहणारा भाग, सगळ्यात शेवटी गोठतो आणि आक्रसण्याची सगळी पोकळी त्याच्या पोटात जमते. बोअर मारेपर्यंत दिसत नाही, आटे पाडताना भोकं उघडी पडतात.

ओतून घेण्याचा मार्ग एका नगासाठी महाग पडतो. एकाच बनावटीचे चार-पाच व्हाइस असतील, शाळेच्या किंवा आयटीआयच्या वर्कशॉपसारखे, तर मात्र विचार करावा. नवं लाकडी पॅटर्न (साचा उठवायचा नमुना) न करता जुन्याच नटावर पुट्टीचा थर चढवून तोच पॅटर्न म्हणून वापरता येतो. मशिनिंगच्या बाजूंना ३ मिमी वाढ, साच्यातून सुटण्यासाठी एक-दोन अंशांचा उतार. बिडाचं आक्रसणं साधारण एक टक्का, साठ मिमीवर ०.६, ते मशिनिंगच्या वाढीतच जिरतं. बोअर भरीवच ओतायचा, एवढ्या लहान भोकाला कोअर (भोक राखणारा वाळूचा गाभा) घालण्यात अर्थ नाही. एकच त्रास होतो: पातळ कडा लवकर थंड होऊन पांढरं बीड तयार होतं, काचेसारखं कडक. टूल टेकवलं की ठिणगी आणि टूलचं टोक गायब. असा नग नऊशे अंशांच्या आसपास तापवून भट्टीतच सावकाश थंड केला तर मऊ पडतो. एका नगासाठी हे कोण करणार? म्हणून बारमधूनच काढा.

बैठकीबद्दल कुणी फारसं बोलत नाही, पण 'नवा नट घातल्यापासून व्हाइस जड चालतो' ही तक्रार इथूनच येते. नटाच्या बोअरचा मध्य आणि सरकत्या जबड्यातल्या स्क्रूच्या भोकाचा मध्य एका रेषेत हवेत. अर्ध्या मिमीचा फरकही जबडे मिटत येताना स्क्रूला वाकवायला बघतो, कारण तेव्हा नट आणि भोक यांच्यातलं अंतर सगळ्यात कमी असतं. नट गोल नसल्यामुळे तो चार जबड्यांच्या चकमध्ये (लेथच्या पकडीत) किंवा फेसप्लेटवर धरावा लागतो. तीन जबड्यांच्या चकमध्ये पॅकिंग घालून धरलेला बघितला तर तिथंच थांबवा. चांगला कारागीर आधी आटे पूर्ण करतो, मग नट आटे पाडलेल्या मँड्रेलवर (आधाराच्या दांड्यावर) चढवून बैठक मिल करतो, म्हणजे बैठक आट्यांच्या मध्याला समांतर येते. उंचीत चूक करायचीच असेल तर नट पाव मिमी खाली राहील अशी करावी. खाली राहिलेला नट पितळी शिमनं (पातळ पत्र्यानं) उचलता येतो. वर गेलेल्याची बैठक पुन्हा मिलिंगला न्यावी लागते.

दुकानात 'नुसतं टर्निंग' आणि 'फिटिंग करून' असे दोन भाव असतात. दुसरा घ्या. बॉडी तिथं ठेवावी लागते, दोन दिवस जास्त जातात, पण निळं (कुठं टेकतंय ते दाखवणारा रंग) लावून बैठक कानशीनं बसवण्याचं काम ज्यानं नट केला त्यानंच करावं. नाही तर टर्नर फिटरकडं बोट दाखवतो आणि फिटर टर्नरकडं.

स्क्रूही करायचा असेल तर इएन-८ घ्या. साधं एमएस (मऊ पोलाद) चालतं, पण लवकर झिजतं. हँडलचं डोकं स्क्रूला अंगचंच असतं, त्यामुळे ५० मिमीच्या बारमधून एक इंची स्क्रू काढायला सांगितलं तर तीनशे मिमी लांबीला साडेचार किलोचा बार लागतो आणि बराचसा बुरा होतो. डोकं वेगळं करून घट्ट बसवावं आणि ८ मिमीची आडवी पिन मारावी. वेल्डिंग करणार असतील तर इएन-८ दीडशे-दोनशे अंश तापवून ७०१८ रॉडनं, नाही तर जोडाच्या कडेला तडा जातो. हँडल मात्र मऊ पोलादाचंच. कडक हँडल करून देतो म्हणणाऱ्याचे आभार मानून नको म्हणा. जोर जास्त झाला की हँडल वाकलं पाहिजे, नट तुटता कामा नये. पाइप घालून आवळणाऱ्यांसाठी ही एवढीच सूचना.

त्याच फेरीत जबड्याच्या प्लेटाही करून घेतल्या जातात. त्यांच्याबद्दल थोडक्यात: दातरे आणि भोकं हार्डनिंगच्या आधी, ग्राइंडिंग नंतर. तापवून पाणी दिल्यावर प्लेट केळीसारखी वाकते, म्हणून पाव-अर्धा मिमी राखून ठेवायचं. ४५ ते ५० एचआरसी (कडकपणाचं माप) पुरे, त्याहून कडक केली तर दातऱ्यांचे टवके उडतात. जुन्या बॉडीतले स्क्रू पुष्कळदा ५/१६ व्हिटवर्थ (जुनं इंग्लिश माप) असतात, इंचात १८ आटे. त्यात एम-८ (८ मिमीचा मेट्रिक स्क्रू) दोन आटे जातो आणि मग अडतो. रेटला तर बॉडीतले आटे जातात. हातानं पुरता गेला नाही तर पाना लावूच नका.

काम ताब्यात घेताना तिथंच बघावं, घरी येऊन नाही. नट हातानं स्क्रूवर दोन्ही तोंडांनी फिरवा, शेपटीपासून हँडलपर्यंत. कुठं अडतो, कुठं सुटतो हे कळतं. नटाच्या दोन्ही तोंडांशी आट्याची सुरुवात कागदासारखी पातळ असते. ती काढून टाकलेली हवी, नाही तर पहिल्याच आवळण्यात तुटून खाचेत अडकते. मग स्क्रूच्या आट्यांना निळं लावून व्हाइस जोडा, जबड्यांत लाकडाचा ठोकळा धरून आवळा, सोडा आणि नट काढून बघा. निळं पाच-सहा आट्यांवर उमटलं तर काम चोख. एक-दोनवरच उमटलं तर पिच चुकलीय, पैसे देण्याआधीच बोलायचं. तोपर्यंत भाषा मऊ असते.

दरांचे आकडे इथं देत नाही. दुकानागणिक आणि धातूच्या भावागणिक ते बदलतात. हिशेब मात्र समजून घ्या: एकनगी कामात धातूपेक्षा लेथचे तास महाग असतात, आणि त्यातही सेटिंग. म्हणून एकाच वेळी दोन नट करून घेणं शहाणपणाचं, दुसऱ्याला सेटिंगचा खर्च जवळजवळ लागत नाही. नट, स्क्रू आणि प्लेटा असं सगळंच करायचं झालं तर खर्च नव्या हलक्या देशी व्हाइसच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो. तेव्हा आधी बॉडी तपासा. नटाच्या बैठकीपाशी किंवा मागच्या जबड्याच्या बुंध्याशी तडा असेल तर थांबा. बिडाची बॉडी निकेल रॉडनं जोडली तरी ऐन ताणाच्या जागी तिचा भरवसा धरता येत नाही. तडा नसेल आणि स्लाइड घट्ट असेल तर नटाचा खर्च वसूल आहे.

वेळेचं काय? "परवा या" याचा अर्थ परवा फोन करा. एकनगी काम उत्पादनाच्या कामांच्या खाली दबतं, त्यात कुणाची लबाडी नसते. महिनाअखेरीला डिस्पॅचची घाई असते, तेव्हा देऊच नका. वस्तूंवर नाव-नंबर ऑइल पेंटनं लिहा, चिठ्ठी तेलात विरघळते. जुना नट परत मागून घ्या. झिजलेला असला तरी बैठकीचं मूळ माप त्याच्यावर शाबूत असतं.

एका प्रकारच्या व्हाइसला हे सगळं लागू नाही. ज्यात पुढचा खटका दाबला की जबडा थेट सरकतो, त्यात अर्धा नट असतो आणि आटे एका बाजूनं उभे, दुसऱ्या बाजूनं तिरके. टूल त्या कोनात घासावं लागतं. पूर्ण नट करून मधून चिरायचा म्हटलं तर करवतीच्या जाडीएवढा धातू जातो आणि दोन अर्ध्यांतला एकच मापात येतो. म्हणून चिरायची रेघ मध्यापासून दीड-दोन मिमी बाजूला घ्यावी. मोठा राहिलेला तुकडा घासून मापावर आणायचा, दुसरा टाकून द्यायचा.